घराची नाडीपरीक्षा

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीमुळे नंदगड हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेले असेल. पावसाळ्यात आमच्याकडे मुक्काम केलेला पाहुणा मात्र परत जाताना आणखी एका गोष्टीची आठवण बरोबर नेतो. ती म्हणजे ओल. खानापूर तालुक्याची पश्चिम बाजू सह्याद्रीला टेकलेली आहे. मलप्रभा जेथे उगम पावते ते कणकुंबी याच तालुक्यातले. तिथला पाऊस आमच्यापर्यंत येईतो पुष्कळ ओसरतो हे खरे. तरी मृगापासून हस्तापर्यंत आमच्या घरांत मीठ पाझरते, आगपेटीची काडी ओढता ओढता मोडते, ट्रंकेतल्या रेशमी साडीवर पांढरे ठिपके उठतात आणि भिंतीच्या कोपऱ्यात काळसर बुरशीचे नकाशे उमटतात. हे सारे आम्ही इतके गृहीत धरून चाललो आहोत, की भिंतीवरील त्या नकाशाचा आणि घरातील आजोबांच्या किंवा नातवाच्या खोकल्याचा काही संबंध असेल, ही शंकाही सहसा कोणाला येत नाही. मला तरी ती उशिराच आली, आणि ज्या प्रसंगाने आली तो सांगूनच आजच्या विषयाला आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथील एका वर्गाची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओली होई. त्या भिंतीला लागून जुन्या पुस्तकांचे एक लाकडी कपाट होते. वर्गात एक मुलगी होती; अभ्यासात हुशार, पण दृष्टी जरा अधू. फळा नीट दिसावा म्हणून मीच तिला कपाटाजवळच्या पहिल्या बाकावर बसविले. जून सरला की तिला खोकला सुरू होई, जुलैमध्ये धाप लागे, आणि श्रावणात ती आठवडेच्या आठवडे घरी राही. दिवाळीनंतर पुन्हा ठणठणीत. तिची आई म्हणे, "पावसाची हवा सोसत नाही हिला." आम्हीही तेच म्हणत होतो. भिंत वाईट दिसते म्हणून मी पुढाकार घेऊन, पालकांकडून वर्गणी गोळा करून, तिला तेलरंग देवविला. पहिल्याच पावसात रंगाला फोड आले. पुढच्या वर्षी ते खरवडून पुन्हा रंग दिला. दोन वर्षांची वर्गणी अशी भिंतीवर गेली.

तिसऱ्या वर्षी गावातले एक वृद्ध गवंडी दुसऱ्याच कामासाठी शाळेत आले होते. त्यांना सारे मामा म्हणत. मी तिसऱ्यांदा रंगाचा हिशेब करीत आहे हे पाहून ते भिंतीजवळ गेले. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत ठिकठिकाणी वाजवून पाहिली, तळहात टेकला, कपाट पुढे ओढून त्यामागे वास घेतला आणि मग बाहेर जाऊन वर पाहिले. "मास्तर," ते म्हणाले, "रंग कशाला फासूलालाय? भितीला काय रोग न्हाई. पाणी वरनं येऊलालंय, ते आधी बघा." शिडी लावून पाहिले तो दोन छपरे जिथे मिळतात तिथली पन्हळ पाल्याने तुंबलेली, तिच्या कडेची तीन कौले तडकलेली, आणि वळचणीचे पाणी जोत्यापासून दूर वाहून जाण्याऐवजी भिंतीच्या पायाशीच मुरत असलेले. वरून पाणी आत येत होते, खालून चढत होते. मधल्या भिंतीला आम्ही तेलरंगाचा रेनकोट चढविला होता, आणि तोही आतल्या बाजूने! आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच आम्ही बंद केली होती. कपाटाच्या पाठीची फळी मखमलीसारखी मऊ लागत होती. ती मखमल म्हणजे बुरशी. ती मुलगी दिवसाचे पाच तास त्या फळीपासून हातभर अंतरावर बसून श्वास घेत असे.

आता या बुरशीचे करणे काय असते ते थोडक्यात सांगतो. बुरशीची बीजे हवेत सर्वत्र असतात. ती नाहीत असे घर जगात सापडणार नाही. पण भिंतीलगतच्या हवेतील आर्द्रता शेकडा ८० च्या वर काही दिवस टिकून राहिली, की रंग, कागद, लाकूड, चामडे, काहीही तिला अन्न म्हणून पुरते, आणि मग ती हवेत अगणित बीजे व सूक्ष्म कण सोडू लागते. दमट गाद्या-उश्यांत डोळ्यांना न दिसणारे कोळ्याच्या जातीचे जीव वाढतात. त्यांची विष्ठा धुळीबरोबर नाकात जाते. पारव्यांची वाळलेली विष्ठा, साठवलेल्या दमट गवताची धूळ, निपाणीकडील वखारींत उडणारी तंबाखूची भुकटी, आणि बंद खोलीत खोकणाऱ्या क्षयरोग्याच्या श्वासातून तरंगणारे जंतू, हे सारे एकाच वर्गातले शत्रू होत. ते सजीवांपासून उत्पन्न होतात, घराच्या आत साठतात आणि श्वासावाटे शरीरात शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी या विषयावर एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर किंवा बुरशी आलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी व दमा यांचा धोका शेकडा ७५ पर्यंत अधिक असू शकतो, असे संघटनेने त्या वेळी सांगितले होते.

मग असा प्रश्न उभा राहतो, की हे तपासणे काम कोणाचे? माझ्या त्या विद्यार्थिनीला डॉक्टरांनी तपासले होते. त्यांनी छातीला नळी लावली, औषध दिले, आणि ते औषध योग्यच होते. इमारत बांधकाम खात्याच्या माणसाने तपासली होती. त्याने तुळया पाहिल्या, भिंतीला तडा नाही असे लिहिले, आणि तेही खरे होते. डॉक्टरांनी ती कोणत्या भिंतीशेजारी बसते हे विचारले नाही. बांधकामवाल्याने आत बसणारी मुले खोकतात काय, हे विचारले नाही. माणसाची छाती आणि इमारतीचा पाया यांच्या मधोमध जी खोली असते, तिचा वैद्य आमच्याकडे कोणी नाही. त्या दिवशी ते काम निरक्षर गवंडीमामांनी केले. पण मामांसारखी नजर पिढीबरोबर जाते, आणि ती शाळेत शिकविली जात नाही. हे शिक्षण रीतसर, अभ्यासक्रम आखून, डॉक्टरांना, इंजिनियरांना, आरोग्य निरीक्षकांना आणि गवंड्यांनाही दिले पाहिजे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

ही कल्पना नवी नाही. मी ख्रिस्ती कुटुंबात वाढलो. लहानपणी घरी बायबल मोठ्याने वाचले जाई. त्यातील लेवीय या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले तर काय करावे, याचे सविस्तर नियम आहेत. त्या वेळी आम्हा मुलांना तो भाग फार कंटाळवाणा वाटे. आता वाटते, की इमारतीच्या तपासणीची याहून जुनी आणि शहाणी पद्धत क्वचितच लिहिली गेली असेल. याजकाने येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावयाचे. मग त्याने येऊन चट्टे पाहावयाचे. ते पृष्ठभागाहून खोल गेले आहेत काय ते तपासावयाचे. घर सात दिवस बंद ठेवून त्याने पुन्हा यावयाचे. चट्टे पसरले असतील तर तेवढेच दगड काढून गावाबाहेर टाकावयाचे, आतली बाजू खरवडून नवा गिलावा करावयाचा. एवढे करूनही ते परत आले तरच घर पाडावयाचे. धर्मविधीचा भाग बाजूला ठेवला तरी क्रम पाहा: आधी पाहणे, मग थांबणे, पुन्हा पाहणे, बिघडलेला तेवढाच भाग काढणे, आणि पाडापाडी अगदी शेवटी.

याच्या नेमका उलट क्रम आपल्या मुलखाने १८९७ साली पाहिला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग आहे हे प्रथम ओळखले ते डॉ. आकासियु गाब्रियल व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी. त्यानंतर सरकारने जे केले ते सर्वश्रुत आहे. घरांत सोजीर शिरले, सामान रस्त्यावर आले, भिंतींना चुना फासला गेला, गटारांत कार्बोलिक ओतले गेले, उजेडासाठी छपरांना भोके पाडली गेली, आणि राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर मोठी अक्षरे रंगविली गेली. पुण्यात या जुलमाचा शेवट रँडच्या खुनात झाला. आमच्या बेळगाव-धारवाडकडेही माणसे गावे सोडून शेतांत झोपड्या घालून राहिली; म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्या झोपड्यांच्या गोष्टी अगदी परवापरवापर्यंत होत्या. अधिकाऱ्यांचा हेतू वाईटच होता असे मी म्हणणार नाही. पण रोग घरात कोणत्या वाटेने येतो हे ठाऊक नसताना त्यांनी घरावर हत्यार चालविले. गंमत अशी, की घर सोडून शेतात जाणाऱ्या आमच्या अडाणी पणज्या उंदरांपासून दूर जात होत्या, आणि शास्त्र शिकलेले साहेब भिंती धूत होते.

खरी वाट सापडली ती पुढे. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसवा प्लेग पसरवितात असे दाखविले. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मग १९०५ पासून मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आज जिला आपण हाफकिन संस्था म्हणतो तेथे, लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांचीच परीक्षा घेण्याचे ठरविले. त्यांचे उपकरण कोणते? गिनीपिग! प्लेगच्या घरात गिनीपिग मोकळे सोडीत. काही वेळाने ते पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजीत. शेजारी शेजारी दोन पिंजरे ठेवीत. एकाला बारीक जाळी, दुसरा उघडा. हवा दोन्हींत सारखीच जाई, पण जाळीच्या पिंजऱ्यातला प्राणी वाचे. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्याला लागण होई. दोन फुटांवरच्याला होत नसे, कारण पिसू तेवढी उडी मारीत नाही. दोन इंच आणि दोन फूट! साऱ्या चुन्याने व कार्बोलिकने जे सांगितले नव्हते ते या एका फरकाने सांगितले. घराची परीक्षा म्हणतात ती ही.

पन्नास वर्षांनी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात याच प्राण्याने दुसरे एक कोडे सोडविले. तेथील एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोलीतली हवा नळातून वरच्या मजल्यावर नेऊन गिनीपिगांच्या कोंडवाड्यात सोडीत. प्राण्यांना क्षय झाला. ज्या कोंडवाड्यात तीच हवा अतिनील प्रकाशातून जाऊन येई, तेथील प्राणी वाचले. प्लेगला हवा दोषी नव्हती. क्षयाला ती दोषी ठरली. म्हणजे रोगपरत्वे घराचा दोष बदलतो. हे ज्याला शिकविलेले नाही तो प्लेगाच्या घराला खिडक्या पाडील आणि क्षयाच्या घरात उंदीर मारीत बसेल.

मुंबईतील प्लेगातून आणखी एक शहाणपण जन्मास आले होते, आणि ते आपण विसरलो. १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष ऑर साहेब यांनी १९१२ साली मुंबईतील घरांत उजेड आणि हवा किती मिळते या विषयावर एक व्याख्यान दिले होते. ट्रस्टचा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. भूमिती शिकविणाऱ्या माणसाला हा नियम ऐकून आनंद होतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. तळमजल्याच्या खोलीच्या भिंतीपाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहावे. दृष्टीची रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करीत असेल, तर त्या खोलीस पुरेसे आकाश नाही. साध्या भाषेत, दोन इमारतींमधील मोकळ्या जागेच्या दुपटीहून समोरची इमारत उंच असू नये. चाळीस फुटी इमारतीपुढे वीस फूट मोकळे. कोणाही गवंड्याला दोरीने मोजता येईल.

आता त्याच मुंबईतील गोवंडीकडे या. झोपडपट्टीतून हलविलेल्या कुटुंबांसाठी तेथे लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या वसाहती बांधल्या गेल्या. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सूट मिळते. परिणामी सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर राहिले. ऑर साहेबांच्या हिशेबाने ३ मीटरपुढे ६ मीटर, म्हणजे दोन मजले, शोभले असते. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि मुंबईची आय. आय. टी. यांच्या अभ्यासकांनी या दोन्ही वसाहती व जवळचीच पी. एम. जी. वसाहत यांची पाहणी केली. ती २०२० साली प्रसिद्ध झाली. पहिल्या दोहोंत क्षयाचे प्रमाण शेकडा आठ ते दहा, तर इमारतींत अधिक अंतर असलेल्या तिसरीत शेकडा एकच्या आसपास आढळले. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा सर्वांत कमी. गरिबी, दाटी, कुपोषण हीही कारणे तेथे आहेतच. सारा दोष भिंतींचा असे कोणी म्हणू नये. पण ज्यांनी त्या इमारतींच्या आराखड्यावर सही केली, त्यांच्यापैकी एकाला तरी क्षयाचा जंतू हवेत किती वेळ तरंगतो हे विद्यार्थिदशेत शिकविले असते तर? सही करणारे दुष्ट नव्हते. त्यांना तो विषयच नव्हता.

उलट दिशेचे उदाहरण पेरू देशातील लिमा शहराचे आहे. तेथील रुग्णालयांत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे दिसले, की नुसत्या दारे-खिडक्या उघडल्याने खोलीतली हवा ताशी सुमारे २८ वेळा बदलते; यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांत ती १२ वेळाच बदलत होती. आणि सर्वांत उत्तम ठरल्या पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्या. तेथे ४० वेळा! यावरून कोणी जुन्या घरांचे गोडवे गाऊ लागेल, म्हणून घाईने सांगतो: आमच्या नंदगडच्या जुन्या कौलारू घरांत वारा फटींतून खेळे, चुलीच्या उष्णतेने माळ्यावरचे भात कोरडे राही, हे खरे, पण त्याच चुलीच्या धुराने आमच्या आजीचे डोळे आणि छाती गेली. आता गॅस आला, धूर गेला, ही गोष्ट उत्तमच. मात्र धुराबरोबर ती कोरडी ऊबही गेली, वर सिमेंटचा स्लॅब आला, सरकत्या काचा आल्या, आणि झडीच्या पावसात चार महिने ओले कपडे आतच वाळू लागले. त्या कपड्यांतले पाणी जाते कोठे? भिंतीवर! नव्या घराला नवे पथ्य लागते, आणि ते सांगणारा कोणी नाही.

असे पथ्य सांगणारा माणूस तयार करावयाचा म्हणजे त्याला काय शिकवावयाचे? प्रथम विचारावयास. खोकला कोणत्या महिन्यात वाढतो, गावी गेल्यावर थांबतो काय, कोणत्या खोलीत निजता, कूलर आहे काय, पारवे कोठे बसतात. भारतातील २७ केंद्रांमधील १,०८४ रुग्णांची एक नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. फुप्फुसे हळूहळू ताठर होत जाणारे हे रुग्ण. त्यांच्यापैकी शेकडा ४७ जणांचा आजार श्वासातून जाणाऱ्या बुरशीसारख्या वा पक्ष्यांच्या धुळीसारख्या पदार्थांमुळे झाल्याचे ठरले, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या घरी पाण्यावर चालणारा कूलर होता. घराविषयी नेटाने प्रश्न विचारले गेले, म्हणूनच हे कळले. दुसरे, पाहावयास व वास घ्यावयास: कपाटामागे, गादीखाली, न्हाणीच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूस. तिसरे, थोडे मोजावयास. आर्द्रता दाखविणारे यंत्र काही शेकडा रुपयांत मिळते. खोलीतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे काही हजारांत. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. बंद वर्गात हजाराच्या वर गेला, तर मुले एकमेकांनी सोडलेलाच श्वास पुन्हा घेत आहेत असे समजावे.

मात्र मोजण्याचा सोस नको. हवेतील बुरशीची बीजे मोजून लांबलचक अहवाल देणारे पुष्कळ निघतील. किती बीजे म्हणजे धोका, याची सीमारेषा आखण्याइतका पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच त्या मार्गदर्शिकेत मान्य केले आहे. भिंत ओली असेल तर पाणी शोधा, ते थांबवा, भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळवा, वाळत नसेल तर काढून टाका. पाणी थांबविण्यापूर्वी केलेली प्रत्येक फवारणी आणि प्रत्येक रंग म्हणजे माझी ती दोन वर्षांची वर्गणी होय. २०२० सालच्या साथीत गावोगाव रस्ते आणि माणसे औषधाने भिजविली जात होती, तेव्हा मला १८९७ चे कार्बोलिक आठवत होते. जंतू तरंगत होता बंद खोलीत आणि पंप चालत होता रस्त्यावर.

आणखी एक काळजी घ्यावी लागेल. अमेरिकेत टेक्सास आणि न्यूयॉर्क या राज्यांनी बुरशीची तपासणी करणाऱ्यांना व ती काढणाऱ्यांना वेगवेगळे परवाने ठेवले आहेत; एकाच जागेची तपासणी आणि दुरुस्ती एकाच माणसाने घेऊ नये असा तेथे कायदा आहे. आमच्याकडे या धंद्याला बरकत येण्यापूर्वीच हा नियम आला तर बरे. जो दोष दाखवितो त्यालाच दुरुस्तीचे पैसे मिळणार असतील, तर प्रत्येक भिंत रोगी ठरेल.

हे शिक्षण कोठे द्यावे म्हणाल, तर नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था कित्येक दशके आरोग्य निरीक्षकांची पदविका देत आली आहे. पाणी, गटार, कचरा, डास यांवर त्या निरीक्षकांची नजर तयार होते, तशी ती घरातल्या हवेवरही होऊ शकेल. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने एक पावसाळा छातीच्या दवाखान्यात बसावे, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक पावसाळा गवंड्याबरोबर छपरावर चढावे, एवढी अदलाबदल केली तरी आरंभ होईल. आशा कार्यकर्त्या तर घरोघर जातातच. कपाटामागे वास घेण्यास त्यांना पदवी लागणार नाही. आणि गवंड्यांना या शिक्षणात विद्यार्थी म्हणून बोलवाल तसे शिक्षक म्हणूनही बोलवा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. पन्हळ साफ केली, कौले बदलली, पाण्याला जोत्यापासून दूर चर काढून दिला, तेलरंग खरवडून चुना दिला, आणि कपाट जाळले. पुढच्या पावसाळ्यात तिच्या गैरहजेरीचे दिवस पुष्कळ कमी झाले. डॉक्टरांनी त्याच सुमारास तिचे औषधही बदलले होते. तेव्हा यश कोणाचे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मामा म्हणत, "औषधाचं बी आन कौलाचं बी." ते आता नाहीत.

हल्लीच्या माझ्या वर्गात मोठ्या मुलांनी एक वही ठेवली आहे. सकाळी प्रार्थनेनंतर आणि दुपारच्या सुट्टीनंतर आर्द्रता, उघड्या खिडक्यांची संख्या, भिंतीची व वळचणीची स्थिती आणि खोकणारी मुले, अशा नोंदी तीत होतात. गेल्या जुलैतील एका पानावर आर्द्रता शेकडा ९१ आहे, उघड्या खिडक्या दोन आहेत, आणि खोकणाऱ्यांच्या रकान्यात ३ हा आकडा खोडून ४ केलेला आहे. खाडाखोड का, म्हणून मी नोंद ठेवणाऱ्या मुलाला दटावले. तो म्हणाला, "सर, तुमी बी खोकलासा न्हवं?"